हात फिरवलेला चेहरा

चित्रकलेच्या मास्तरला शाळेत सगळे ओळखतात, त्याच्या तासाला मात्र कुणी विचारत नाही. गणिताचा भाग मागे राहिला की चित्रकलेचा तास घ्या, कवायतीची तयारी राहिली की चित्रकलेचा तास घ्या. आमच्या वाट्याला येतं ते उरलेलं. साहेब येणार म्हणून दर्शनी फलक सजवा, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवा, निवृत्त होणाऱ्याचं मानपत्र वळणदार अक्षरात लिहा. एकदा मला मुताऱ्यांवर 'मुले' आणि 'मुली' लिहायला लावलं होतं. लिहून झाल्यावर मुख्याध्यापक दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे, पण थोडी वेलबुट्टी चालली असती." अमडापूरच्या अलीकडच्या एका गावात मी एकतीस वर्षं ही नोकरी केली. तक्रार करत केली, पण आवडीनं केली.

आमच्या धंद्यातली एक रीत बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. तिला 'हात फिरवणे' म्हणतात. मुलाचं चित्र स्पर्धेला जायचं असलं की मूल आपणहून कागद पुढं करतं, "सर, हात फिरवा ना." सर पेन्सिल घेतात, खोडरबर घेतात. वाकडी बैलगाडी सरळ होते, झाडाला सावली येते, माणसांच्या हातांना पाच-पाच बोटं फुटतात. प्रमाणपत्रावर नाव मुलाचं. प्रदर्शनात आम्ही मास्तर मंडळी चित्रांवरून एकमेकांना ओळखायचो. "सहावीतली मुलगी कसली, हे आपले शेजारच्या तालुक्यातले मित्र," असं म्हणून हसायचो. हसता हसता त्या मित्राच्या झाडांचं मनातून कौतुकही करायचो. माझाही हात फार चांगला फिरायचा आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या अभिमानापायी झालं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सातवीच्या वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं की पोरांच्या सगळ्या वह्यांची मागची पानं एकाच माणसानं भरली आहेत. फुगलेले दंड, पाठीवर झूल, छातीवर कसलंतरी इंग्रजी अक्षर. मोबाइलवर बघून काढलेला. मी एक वही उंच धरली आणि विचारलं, "हा कोणत्या गावचा?" कुणाला सांगता येईना. मी म्हटलं, "ज्याचं गाव माहीत नाही तो तुमच्या मदतीला कशाला येईल? आपापला नायक बनवा." शनिवारच्या शाळेचे शेवटचे दोन तास मी मुख्याध्यापकांकडून भांडून मिळवले.

चित्रकथेचा नायक बनवायला चित्र उत्तम यावं लागत नाही. आधी त्याची नुसती काळी आकृती काढायची, डोळे नाहीत, नाक नाही. भिंतीवर पडलेल्या सावलीसारखी. तेवढ्यावरून तो ओळखू आला तर नायक जमला. मग त्याला एक शक्ती द्यायची, आणि एकच. आमच्या वर्गातल्या एकानं आपल्या नायकाला उडणं, गुप्त होणं, आग ओकणं आणि डोंगर उचलणं असं सगळंच देऊन टाकलं होतं. मी म्हटलं, "मग गोष्ट कुठली? पहिल्याच चौकटीत सगळं आटोपलं." बिचारा तीन शनिवार एकेक शक्ती कमी करत बसला. शेवटी नळाला पाणी कधी येणार हे ज्याला आधी कळतं, असा एक नायक उरला. वर्गात सर्वांत जास्त मागणी त्यालाच होती. पोरांच्या आया निरोप पाठवायच्या, तो उद्याचं काय म्हणतो ते विचारून ये.

नायकाला काहीतरी उणीवही हवी, नाहीतर वाचणाऱ्याला त्याची काळजी वाटत नाही. ओंकार नावाच्या पोरानं 'झटका मॅन' काढला होता. आमच्याकडे पिकात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेताला तारा ओढून झटका मशीन लावतात. ओंकारनं त्याच तारा नायकाच्या अंगाला गुंडाळल्या होत्या. मशीन सौरऊर्जेवर चालतं, म्हणून आभाळ आलं की झटका मॅन ढिला पडायचा. ओंकार म्हणाला, "सर, आभाळ आलं का तो बांधावर बसून राह्यते. मंग रोहीसंग गोष्टी करते. रोहीले बी तं भूक लागते नं." मी इतक्या वर्षांत शिकवलेलं सगळं त्या एका वाक्यासमोर थोडं वाटलं. झूल काढलेल्यांना मी विचारलं, "आपल्या चैत्र-वैशाखात हे पांघरून फिरणार का?" तर एकानं लगेच झुलीचा पंचा केला आणि त्यानं नायक घाम पुसायला लागला.

शेवटचा नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला होता. नायकाचा चेहरा सगळ्या पानांवर तोच हवा, तोंड बदललं की माणूस बदलला. मुलांना हे सर्वांत अवघड जातं. पहिल्या पानावरचं नाक त्यांना तिसऱ्या पानावर काढता येत नाही. नियम काही मी शोधलेला नाही, चित्रकथा काढणारा कोणीही हेच सांगेल. पण आता फळ्यावर तो लिहायची वेळ आली तर मी दहा वेळा विचार करीन.

शाहीन त्याच वर्गात होती. तिचे अब्बा आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे, घरी फुफी, म्हणजे आत्या, सांभाळायची. शाहीन मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिची काळी आकृती मला दुरून ओळखू आली. डोक्यावर टोपली, कोपरापर्यंत बांगड्या आणि वाऱ्यावर गेलेली ओढणी. नाव 'चुडीवाली'. तिची शक्ती अशी, की तिनं बांगडी भरायला माणसाचा हात दाबला की तो माणूस खरं बोलायला लागतो.

"हे कुठून सुचलं?" मी विचारलं.

"सर, बांगड्या भरताना बाया सारं खरं सांगून देतात. मी बाजारात पाह्यलं. हात दुखून राह्यला का खोटं सुचतच नाई."

त्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संस्थेनं मुलांच्या चित्रकथा मागवल्या. निवडलेल्या कथांचं पुस्तक छापणार होते. एका मोठ्या कागदाला तीन घड्या, मधोमध एक काप, की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. चित्रं सगळी एकाच बाजूला येतात, कागद उलगडला की मागची बाजू कोरी. हा कागद मी दिवाळीच्या सुटीत पूर्ण करून आणायला सांगितला. शाहीन सुटीत देऊळगाव राजाला आजोळी जाणार होती. जाताना तिनं विचारलं, "सर, छापून आलं तं पुस्तक घरी देतात का?" मी हो म्हटलं. "मंग नानाले दाखवीन. त्यायले वाचता येत नाई, पण चित्रं पाहतीन." नाना म्हणजे तिच्या आईचे वडील.

सुटीनंतर तिनं पुस्तिका आणून दिली. गोष्ट वर्गातल्या सगळ्यांत चांगली होती. आणि आतल्या सहा पानांवर चुडीवालीचे सहा मोठे चेहरे होते, एकासारखा दुसरा नाही. कुठं लांबोळका, कुठं गोल, एकीकडे कपाळ मोठं, दुसरीकडे हनुवटीवर तीळ. सहाव्या पानावर तर डोळेच नव्हते, नुसत्या दोन वाकड्या रेघा. मला वाईट वाटलं. मी तिला बोलवून समजावणार तेवढ्यात बातमी आली की तिचे नाना गेले. ती आठ दिवस शाळेत आली नाही, आणि त्याच आठ दिवसांत चित्रं पाठवायची मुदत संपत होती.

मी हात फिरवला. खोडरबरनं सहाही चेहरे पुसले आणि एका बैठकीत एकच सुंदर चेहरा सहा वेळा काढला. रेखीव नाक, टपोरे डोळे, वर काळ्या शाईची बारीक रेघ. सहाव्या पानावरचे मिटलेले डोळेही मी उघडून दिले. संस्थेला फक्त फोटो हवे होते, ते मोबाइलवरून पाठवले आणि मूळ पुस्तिका कपाटात ठेवली. खरं सांगतो, त्या दिवशी मी घरी गेलो तो स्वतःवर खूश होतो. पोरीच्या घरी दुःख आहे, आपण तिचं एवढं तरी काम केलं, असं बायकोला सांगितलंसुद्धा.

शाहीन परत आली त्याच दिवशी निवड झाल्याचा निरोप मोबाइलवर आला. मी तिला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं, निरोप वाचून दाखवला आणि पुस्तिका तिच्या हातात दिली. ती एकेक पान उलटत गेली. सहाव्या पानाशी थांबली.

"सर, हे कोन आहे?"

"तुझी चुडीवाली."

"नाई सर. हे दुसरीच कोनी आहे."

मला थोडा रागच आला. म्हटलं, "अगं, तू सहा पानांवर सहा तोंडं काढली होतीस. फळ्यावर लिहिलं होतं ना मी?"

"मले मालूम होतं, सर. मी विचारून विचारूनच काढले व्हते."

मग तिनं हळूहळू सांगितलं. ती दीड वर्षाची असताना तिची अम्मी गेली. लग्नाचे फोटो मामूच्या घरी होते, पत्र्यातून पाणी गळून एकमेकांना चिकटले आणि उकलताना फाटले. एक मतदान कार्ड आहे, पण त्यावरचा चेहरा नुसता काळा आला आहे. टोपली घेऊन घरोघरी बांगड्या भरायला अम्मीच जायची, एवढं तिला सांगून माहीत होतं. म्हणून चुडीवाली काढायची ठरल्यावर तिनं अब्बांना विचारलं, फुफीला विचारलं, शेजारच्या काकूंना विचारलं. सुटीत मामू, नानी आणि नाना यांना विचारलं. प्रत्येकानं वेगळी सांगितली.

"मग खरी कोणती?" मी विचारलं. असला प्रश्न मास्तरच विचारू शकतो.

"मले काय मालूम? मी तं पाह्यलीच नाई. म्हनून साऱ्यायची एक एक काढली." ती सहाव्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे नानाची व्हती. बाकीच्यायले मी पुन्हा विचारीन. नानाले कसं विचारू?"

ती रडली नाही. तिनं पुस्तिका टेबलावर ठेवली आणि वर्गात निघून गेली. खोडरबरचा चुरा त्या टेबलाच्या फटीत अजून होता. एका गेलेल्या आईची, तिच्या आता गेलेल्या बापानं सांगितलेली शेवटची खूण मी पुसली होती, आणि ती पुसताना शीळ घालत होतो हे मला आठवलं. एवढी शरम मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

शाई निघते का, खाली काही दिसतं का, म्हणून पुस्तिका उलगडून कागद खिडकीकडे धरला. काही दिसेना. कागद पालथा करून टेबलावर ठेवताना बोटांना काहीतरी लागलं. मागची कोरी बाजू खडबडीत होती. शाहीन पेन्सिल फार दाबून धरते. ही मुलांची वाईट सवय, त्यावरून मी रोज ओरडायचो, कारण दाबून काढलेली रेघ पुसली तरी कागदावर चर राहतो. पुढून चर आणि मागून उठाव. माझा हात मात्र हलका. माझ्या रेघेचा मागं मागमूसही नव्हता.

मधल्या सुटीत मी तिला पुन्हा बोलावलं. कागद पालथा ठेवला आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून सांगायला लागलो, "नाण्यावर कागद ठेवून घासता ना तुम्ही, तसं अगदी हलकं..."

तिनं पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. "मी करतो, सर." आमच्याकडे मुलीही 'करतो'च म्हणतात.

ती जीभ बाहेर काढून घासत राहिली. राखाडी पट्टा पुढं सरकत गेला आणि त्यात गडद रेघा उमटायला लागल्या. आधी ओढणीची कड, मग गाल. नाक जरा वाकडंच होतं, मी ते सरळ केलं होतं. मग डोळ्यांच्या जागच्या त्या दोन वाकड्या रेघा आल्या. तिनं कागद उचलून खिडकीच्या काचेला लावला आणि पुढच्या बाजूनं नाही, मागूनच बघत राहिली.

"हाव. हेच," ती म्हणाली. "नाना म्हने, ते हसली का तिचे डोये मिटून जात. पुरे मिटून जात. तुमी उघडून देल्ले व्हते."

मी म्हटलं, "हो. चुकलो मी." वर्गातल्या पोरापुढं हे दोन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. तिनं मान डोलावली आणि दुसरा चेहरा घासायला घेतला.

चार चेहरे नीट आले. दोन पुसट राहिले, ते तिनं परत विचारून मागच्याच बाजूला काढले. अब्बांनी या वेळी पहिल्यापेक्षा वेगळंच सांगितलं, असं ती म्हणाली, आणि तिला त्याचं नवल वाटलं नाही. मी संस्थेला कळवलं की निवडलेल्या चित्रांतले चेहरे विद्यार्थिनीचे नाहीत, माझे आहेत. तिकडून एका भल्या माणसाचा फोन आला. "सर, थोडंफार मार्गदर्शन सगळेच शिक्षक करतात. मनावर कशाला घेता?" मी म्हटलं, घ्यायला पाहिजे. मग मागच्या बाजूचा फोटो पाठवला, पण मुदत गेली होती आणि ते राखाडी चित्र छापण्यासारखं नाही असं त्यांचं मत पडलं. पुस्तक निघालं, त्यात झटका मॅन आला, चुडीवाली आली नाही. शाहीननं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मीच ते विसरलो नाही.

त्या वर्षी जानेवारीत सातवीच्या सगळ्या पुस्तिका आम्ही उलगडून व्हरांड्यात दोरीला लावल्या. पालक आले, गावातले चार लोक आले. मुख्याध्यापक एकेक चित्र बघत येत होते. झटका मॅनपाशी हसले, पाणीवाल्याकडून उद्याचा अंदाज घेतला. शाहीनच्या कागदापाशी मात्र अडखळले. तिनं तो मागची बाजू पुढं करून लावला होता. राखाडी पट्टे, त्यात सहा वेगवेगळी तोंडं, आणि गोष्टीची अक्षरं कुठंच नाहीत.

"हे चित्र उलटं काऊन टांगलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होतो. पण शाहीन तिथंच उभी होती, आणि या वेळी तिला कुणी विचारायची वाट बघावी लागली नाही.

"सर, त्या बाजूले आमच्या सरायचं आहे," ती म्हणाली. "हे माह्यं आहे."

दरवर्षी आम्हा शिक्षकांचा एक गोपनीय अहवाल लिहिला जायचा. माझ्या नावावर तसे एकतीस आहेत, आणि सगळ्यांत 'उत्तम' लिहिलेलं आहे. त्या दिवशी व्हरांड्यात, चारचौघांत, माझा खरा अहवाल वाचला गेला.